उंबराईची लेक

"नाव घाल, द्वारके. नाव नसलेली ओवी रस्त्यावर पडते गं. येणारा-जाणारा पाय देतो तिच्यावर."

आईचा हा आवाज जात्याच्या घरघरीसकट द्वारकाबाईंच्या कानात शिल्लक होता, आणि ऐकून साठ वर्षं होऊन गेली होती. भीमेकाठच्या गावात पहाटे दळायला बसलं की आई ओवी सांगायची आणि शेवटच्या चरणात गावच्या संत उंबराईचं नाव गुंफायची. दहा वर्षांच्या द्वारकेनं एकदा खुंट्याला हात लावत विचारलं होतं, "पण ही तर तुझ्या माहेरची ओवी. मग 'उंबराई म्हणे' का? तुझं नाव घाल की!"

आई हसली होती. "आपलं दुःख आपल्या नावानं सांगितलं की लोक मोजायला बसतात. हिचं एवढं, तिचं तेवढं. उंबराईच्या पदरात टाकलं की मोजणं संपलं. तिचा पदर मोठा आहे."

गावातली प्रत्येक बाई असंच करायची. जिला जे सोसवलं नाही, ते तिनं उंबराईच्या पदरात टाकलं. सहाशे वर्षं तो पदर भरत आला होता. त्यात कुणाचं काय आहे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

विचारलं ते द्वारकाबाईंच्याच मुलानं.

*

दिल्लीत, मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात, फेब्रुवारीतल्या रविवारी, द्वारकाबाई बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. शशिकांत आतून आला तोच हातात कागद नाचवत. एक्कावन्न वर्षांचा, कॉलेजात इतिहास शिकवणारा, केस पांढरे झालेला माणूस. पण आनंद झाला की अजूनही पायात चप्पल न घालता धावत यायचा.

"आई, गावाहून पत्र आलंय. देवस्थान ट्रस्टचं. दगड बसवतायत!"

"कसला दगड?"

"उंबराखाली. लेकीचा. उंबराईच्या लेकीचा! माझं पुस्तक वाचून गावानं जागा ठरवली. पारावर, पूर्वेच्या अंगाला. बायका आत्ताच पाळणे बांधून जातायत म्हणे. ज्यांची मुलं गेली त्या."

द्वारकाबाईंच्या बोटातली शेंग फुटली आणि दाणे फरशीवर घरंगळले.

सुनंदा, त्यांची सून, चहाचे कप घेऊन आली. आठवडाभर मेट्रोनं मंत्रालयात जा-ये करणारी सुनंदा रविवारी मोकळेपणी थट्टा करायची. "अच्छा! म्हणजे आता आपण व्हीआयपी. आई, तुमच्या एका ओवीवर ह्यांची पीएचडी झाली, नोकरी लागली, नोकरी बघून माझ्या बाबांनी होकार दिला. हिशेबानं बघितलं तर माझ्या नशिबाला तुम्हीच जबाबदार, हां."

"मग तक्रार कुणाकडे करणार?" शशिकांत म्हणाला.

"उंबराईकडे. बिल्कुल."

सगळे हसले. द्वारकाबाईही हसल्या, कारण न हसल्या असत्या तर दोघांनी काय झालं म्हणून विचारलं असतं. मग त्या वाकून दाणे वेचू लागल्या. एकेक दाणा. वेचण्यात जितका वेळ जाईल तितका बरा.

*

शशी लहान असताना त्याचे वडील, हवालदार हिंमतराव, दर जानेवारीत त्याला पानिपतला, लढाईच्या जागी, काला अंबवर न्यायचे. तिथं आता आंबा नाही, विटांचा खांब आहे. सात वर्षांच्या शशीनं खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "झाड कुठाय?"

"होतं," हिंमतराव म्हणाले.

"कशावरून?"

आजूबाजूचे लोक हार घेऊन उभे. हिंमतराव खो खो हसले होते. "पलटणीत असा प्रश्न विचारलास तर पाठीवर बोजा बांधून पिट्टू परेड मिळेल, बेट्या." पण पोराला तो प्रश्न चिकटला तो चिकटलाच. कशावरून? हाच त्याचा धंदा झाला.

सन शहाऐंशीत तो टेपरेकॉर्डर घेऊन आईसमोर बसला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. द्वारकाबाईंना ते सगळं बोलणं पाठ होतं.

"हे बघ आई, उंबराई खरंच होऊन गेली का, एवढंच मला शोधायचंय. ती गेली सहाशे वर्षांपूर्वी. तिची पोथी लिहिली त्यानंतर दोनशे वर्षांनी. दोनशे वर्षांत माणसाचं काय होतं, माहितेय?"

"काय होतं?"

"देव होतो. आणि एकदा देव झाला की त्यातला माणूस सापडत नाही. काही विद्वान तर म्हणतात, बाई नव्हतीच. झाड होतं. गावानं आधी उंबर पूजला, मग उंबराला लुगडं नेसवलं, मग लुगड्याला साजेशी बाई शोधली."

"अगो बाई!"

"देवळाच्या पायरीवर लेख आहे, 'उंबराईस दिव्यासाठी जमीन'. पण जमीन झाडालाही देतात. दुसऱ्या पंथाच्या एका ग्रंथात तिची टिंगल आहे, 'उंबराखालची वेडी'. ती साक्ष चांगली, कारण विरोधक कशाला आपल्या शत्रूला जन्माला घालेल? पण ती दोनच ओळींची. मला हवी आहे गैरसोयीची साक्ष."

"म्हणजे?"

"भक्त मोठेपणा रचतात. उंबराईनं नदी थांबवली, वाळल्या खोडाला पालवी फोडली. हे कुणीही रचेल. पण जे सांगताना भक्तालाच लाज वाटेल, अवघड होईल, ते कोण रचेल? तसं काही तोंडी उरलं असेल, तर ते खरं घडलेलं असण्याची शक्यता जास्त."

मग त्यानं ओव्या म्हणायला सांगितल्या. द्वारकाबाई म्हणत गेल्या. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. दुपारची वेळ, पंखा कुरकुरत होता. म्हणता म्हणता गळा आपल्याच नादात पुढं गेला, आणि जी ओवी त्यांनी पंचवीस वर्षांत मोठ्यानं म्हटली नव्हती, ती बाहेर आली.

तांबड्या मातीला बाई, फुटेना ग पाझर
मोर वरडती रानात, माझा रिकामा पदर

माझ्या हातानं झाकीला नऊ दिसांचा मोगरा
किती हाकारू ग बाई, मुका उभा हा डोंगरा

आता दिवा मी लावीना, देवा निजावं अंधारात
उंबराई म्हणे, माझी ओटी सांडली रानात

शशी टेप बंद करायचंसुद्धा विसरला. "आई," तो कुजबुजला, "ही कुठल्याच संग्रहात नाही. उंबराईला मूल होतं! ते गेलं, तिनं स्वतःच्या हातांनी पुरलं, आणि देवाचा दिवा बंद केला. कुठला भक्त रचेल हे? झाडाला लेकरू होत नाही, आई. झाड लेकरू पुरत नाही. ही बाई होती. खरी बाई!" मग श्वास घेऊन म्हणाला, "तू कोणाकडून ऐकलीस?"

त्या क्षणी सांगता आलं असतं.

पण पोराचे डोळे असे चमकत होते, की त्यांत हात घालून दिवा विझवावा असं कुठल्या आईला वाटेल? आणि हिंमतराव आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

"आईकडून," द्वारकाबाई म्हणाल्या.

एवढा एक शब्द. त्या शब्दावर शशीनं प्रबंध उभारला. भीमेकाठी माती काळी आणि जमीन सपाट; ओवीत माती तांबडी आणि जवळ डोंगर. म्हणजे उंबराई गाव सोडून उत्तरेला यात्रेला गेली असणार, असं त्यानं चाळीस पानांत दाखवलं. नकाशा काढला. अर्पणपत्रिकेत लिहिलं, 'आईस, जिनं इतिहासाला साक्षीदार दिला.'

*

तांबडी माती दिल्लीची होती.

एकसष्ट सालचा जून. कॅन्टोन्मेंटमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात एकोणीस वर्षांची द्वारका बाळंत झाली, तेव्हा हिंमतराव गढवालच्या सरहद्दीवर होते. शेजारच्या सुभेदारीण अहिल्याबाईंनी दाई बोलावली. मुलगी झाली. नाजूक, कानाच्या पाळ्यांवर सोनेरी लव असलेली. बाहेर झळा अशा, की पाण्यात भिजवलेला पडदा घटकाभरात कडक वाळायचा. सातव्या दिवशी पोर दूध ओढेना. जबडा घट्ट मिटला. नवव्या दिवशी सकाळी मूठ उघडली, ती पुन्हा मिटली नाही.

क्वार्टरांच्या लाइनीतले सगळे पुरुष पहाडात. बायका अशा कामाला जात नाहीत. पण उन्हात किती वेळ वाट बघणार? अहिल्याबाईंनी कुदळ घेतली, द्वारकेनं पदरात मुलगी घेतली. बाळंतिणीच्या ओल्या अंगानं ती क्वार्टरांमागच्या टेकाडावर चढली. काटेरी झुडपं, तांबडी टणक माती. कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी. दोघींनी मिळून हातभर खड्डा खणला. कुठंतरी मोर ओरडत होते, एकामागून एक, जणू त्यांचंच काही हरवलं होतं.

"कुणाला बोलू नकोस," परतताना अहिल्याबाई म्हणाल्या. "बायकांनी मूठमाती दिली म्हटलं तर पलटणभर नावं ठेवतील. पुढच्या लेकरालाही दोष लावतील."

चार महिन्यांनी हिंमतराव रजेवर आले. त्यांनी आणलेली लोकरीची टोपी, मुठीएवढी, पिवळी, मुलगी गेल्याचं पत्र पोचण्याआधीच पहाडातल्या बाजारातून घेतलेली होती. ती त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवली. रात्री एवढंच म्हणाले, "आता तिचा विषय नको, द्वारका." त्यानंतर ते तेहेतीस वर्षं जगले. विषय निघाला नाही.

दोन वर्षांनी शशी झाला. टोपी त्याला पहिल्या हिवाळ्यात घातली, आणि घरात ती 'शशीची टोपी' झाली.

गावाहून आणलेलं लहान जातं क्वार्टरात होतं. दळताना एकदा ओवी आपोआप जुळली. नाव घालायची वेळ आली तेव्हा आई आठवली, आणि द्वारकेनं आपली लेक उंबराईच्या पदरात टाकली. आईनं शिकवलं होतं तसंच. त्यात खोटं काय होतं? पदर मोठा होता.

पण पदरात टाकलेलं कुणी एक दिवस काढून, झटकून, तपासायला घेईल, हे आईनं सांगितलं नव्हतं.

आणि पुस्तक छापून आलं तेव्हा, खरं सांगायचं तर, द्वारकाबाईंना बरंच वाटलं होतं. जिचा कुठल्या रजिस्टरात जन्म नाही, कुठल्या रजिस्टरात मरण नाही, ती पान एकशेबारावर होती. दुपारी एकट्या असल्या की त्या ते पान उघडून त्यावर हात ठेवून बसत. कोणाची का म्हणेनात, होती तर.

*

"पण एक भानगड आहे," मटारची पाटी बाजूला सारत शशिकांत म्हणाला. "पुण्याच्या एका अभ्यासकानं माझ्यावर लेख लिहिलाय. म्हणतो, ओवीची साखळी दाखवा. कोणी कोणाला सांगितली? दुसरी आवृत्ती छपाईला जायच्या आधी त्याला उत्तर द्यायला हवं. म्हणून म्हटलं, तुझं पुन्हा एकदा रेकॉर्डिंग करू. दोन मिनिटं. ओवी म्हण, आणि आजीकडून ऐकली एवढं सांग."

"आज?"

"दगड कोरायला टाकायचाय ना. गावानं मजकूर मागितलाय माझ्याकडे."

"काय लिहिणार दगडावर?"

शशिकांतनं कागद उलटा केला. मागं पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. "'संत उंबराईची कन्या. वय नऊ दिवस. नाव अज्ञात.'"

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. नाव ठेवलंच नसणार, आई. बारशाच्या आधीच गेली."

द्वारकाबाईंनी उन्हाकडे पाहिलं. खाली भाजीवाला 'गाजर ले लो, मेथी ले लो' ओरडत होता. कन्या, तीही दुसरीची. एवढंही सोसलं असतं. छप्पन्न पायऱ्या चढून आलेल्या माणसाला आणखी चार काय? उंबराई काही परकी नव्हती. तिनं पोरीला त्रेपन्न वर्षं सांभाळलं होतं. बायका पाळणे बांधत होत्या, बांधोत. पण दगडावर 'नाव अज्ञात' कोरलं, की ते कायमचं. पुस्तक वाळवी खाते. दगड खात नाही.

आणि दुसऱ्या बाजूला हा मुलगा. आपण तोंड उघडलं तर ह्याची चाळीस पानं, ह्याचा नकाशा, ह्याच्या आयुष्याची अठ्ठावीस वर्षं. आत्ताच कुठं पुस्तक गावात पोचलं होतं.

"मी पुलाव टाकते," म्हणून सुनंदा मटार घेऊन आत गेली.

शशिकांतनं फोन स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. लाल ठिपका लागला. "हं, बोल. आधी नाव सांग."

"द्वारका हिंमतराव." त्या थांबल्या. "शशी, एक विचारू?"

"अगं, चालू आहे ते. बरं, विचार. कापू नंतर."

"एखादा साक्षीदार खोटं बोलला असं नंतर कळलं, तर तुमच्यात काय करतात?"

"साक्ष काढून टाकतात."

"आणि साक्षीदाराला?"

"त्याला काय करणार? विचारतात, का बोललास. पुष्कळदा खोटं का बोलला, तेच खऱ्यापेक्षा जास्त सांगून जातं." तो हसला. "का? आजीवर संशय आहे का तुला?"

"आजीवर नाही."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, जागा सुटलेल्या खिळ्यासारखं. द्वारकाबाई त्याच्याकडे न बघता बोलू लागल्या.

"ती ओवी आईनं सांगितली नाही. कुणीच नाही. उंबराई कधी उत्तरेला आली असेल नसेल, मला ठाऊक नाही. मी आले होते. ती माती आपल्या क्वार्टरांच्या मागची."

फोनवर सेकंद पळत होते. शशिकांतचा हात पुढं आला, फोनपाशी थबकला.

"बंद करू नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "एकदाच बोलणार आहे."

हात मागं गेला.

"तुझ्या आधीची. नऊ दिवसांची. मी आणि अहिल्याबाईंनी पुरली. तुझ्या बाबांनी तिला पाहिलं नाही."

शशिकांत बोलला ते वर्गातल्या आवाजात, कारण दुसरा आवाज त्याला सापडेना. "काही कागद आहे? दाखला?"

"नाही."

"अहिल्याबाई?"

"सत्याहत्तर सालीच गेल्या."

"मग..." आणि इथं त्याचा आवाज सात वर्षांचा झाला. "कशावरून, आई?"

द्वारकाबाईंना राग आला नाही. त्याला दुसरं काही विचारता येत नव्हतं, हे त्यांना कळलं.

"पेटीत पिवळी टोपी आहे ना?"

"माझी."

"तुला घातली. पण आणली तिच्यासाठी. तुझ्या बाबांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही, पण त्यांनी ती ट्रान्सफरच्या प्रत्येक पेटीत सगळ्यात खाली आपल्या हातानं ठेवली. मी नाही ठेवली. एवढं लिहून घे."

शशिकांतनं खरंच खिशातून पेन काढलं. पुढ्यात गावाला पाठवायच्या मजकुराचा कागद होता, पालथा. पेन त्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तुझं पुस्तक मी बुडवलं, बाळा."

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्यातून कळत नव्हतं.

"आणि ते अज्ञात खोड," द्वारकाबाई म्हणाल्या. "उंबराईच्या लेकीचं मला माहीत नाही. तिला लेक होती का तेही तूच शोध. पण माझीला नाव होतं. तुझ्या बाबांचं पत्र आलं होतं, ती व्हायच्या आधी, अहिल्याबाईंनी वाचून दाखवलं. आमच्या छावणीखालून एक नदी वाहते, लिहिलं होतं. पाणी दुधासारखं, आणि रात्रभर बोलते. कानात नाव सांगायला आत्या नव्हती. माती लोटायच्या आधी मीच वाकले आणि सांगितलं. तेव्हापासून दुसऱ्यांदा आज माझ्या तोंडात येतंय."

खाली भाजीवाला पुढच्या ब्लॉककडे निघून गेला होता. द्वारकाबाई किंचित वाकल्या, अगदी कानाशी वाकावं तशा.

"अलकनंदा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बहिणीचं नाव अलकनंदा."